खातेप्रमुख

८ जानेवारी

आज माझा प्रवास अधिकृतपणे बंद झाला. गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी लिहून दिलंच होतं, कंपनीने आज शिक्का मारला. इतकी वर्षं बंदरांवर, कारखान्यांत क्रेन तपासत हिंडले. शिड्या चढले, वारा खाल्ला, क्रेनच्या हुकांना तडा गेलाय का ते भिंग लावून पाहिलं. आता पोरं चढणार आणि मी खाली टेबलाशी बसून त्यांचे अहवाल वाचणार. साहेबांनी गुच्छ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जशी काही मी मेलेच. गुच्छ टॅक्सीत विसरले. बरं झालं.

घरी येऊन विमान कंपनीचं खातं उघडलं. पॉइंटांचा नुसता ढीग साचलाय. खाली लाल अक्षरांत सूचना: वर्षभर खात्यात काही हालचाल नसेल तर सगळे पॉइंट बाद. म्हणजे मी घरी बसले की तेही मातीत. जिवावर आलं.

११ जानेवारी

तोड निघाली. ‘कुटुंब खातं’ म्हणून प्रकार असतो. घरच्यांना आत घ्यायचं, सगळ्यांचे पॉइंट एकत्र होतात, आणि ज्याला लागेल त्याने तिकीट काढायचं. मी खातेप्रमुख. भाऊ, वहिनी आणि बारकी यांना परवाच निरोप पाठवले होते.

भाऊने लगेच होकार दिला. म्हणाला, “ताई, आता तू आमची विमान कंपनीच! जेवणात काय देणार?”

बारकीने मात्र दोन दिवस लावले. धाकटी असली तरी वय बेचाळीस, शाळेत विज्ञान शिकवते, पण कुठलंही बटण दाबायच्या आधी हिचे प्रश्न. “यात तुला काय काय दिसतं गं?” म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मी तिकीट काढलं तर तुला कळतं?”

“कळणारच. प्रमुख आहे मी. का, कुणाचा हात धरून पळून जायचंय?”

ती हसली नाही. पण संध्याकाळी आली खात्यात.

आई गेल्यापासून या दोघांचं सगळं मीच केलं. कुणाला काही द्यायचं म्हटलं की मला अजून अंगात बळ येतं.

२५ जानेवारी

भाऊ आणि वहिनी समुद्रावर जाऊन आले. फोटो पाठवले. वहिनीने लिहिलं, ‘सगळी तुमची कृपा.’ ऑफिसातली मैत्रीण माझ्या मागे लागली आहे, मुलाच्या परीक्षेसाठी तिला दोन तिकिटं हवीत. तिला सांगितलं, खातं कुटुंबापुरतंच आहे. ती म्हणाली, “मग मला बहीण मान.” शेवटी माझ्या खात्यातून काढून दिली. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा दोष.

७ फेब्रुवारी

सकाळी फोनवर सूचना आली. बारकीने तिकीट काढलंय. डोंगरापलीकडच्या त्या गावाचं, जिथं विमान दिवसातून एकदाच जातं. शनिवारी जाणं, रविवारी परत. मला एका शब्दाने बोलली नाही.

तिचे पॉइंट, तिचा प्रवास, मला काय करायचंय? पण त्या गावात आहे काय? एक सिमेंटचा कारखाना आहे. तिथली क्रेन मी दोनदा नापास केली आहे. बाकी धूळ.

९ फेब्रुवारी

मुद्दाम फोन केला. “शनिवार-रविवार काय केलंस?”

“काही नाही गं. वह्या तपासल्या. झोपले.”

खोटं बोलली. तेही किती सहज!

२१ फेब्रुवारी

पुन्हा तेच गाव, पुन्हा शनिवारी जाऊन रविवारी परत. मी स्वस्थ बसणारी नाही. शोध घेतला. ‘तो’ आता तिथे राहतो. सिमेंट कारखान्यात हिशेब विभागात आहे.

‘तो’ म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी बारकी ज्याच्याशी लग्न करायचं म्हणत होती तो दाढीवाला. मी त्याच्या घरी जाऊन आले होते तेव्हा. धड एक नोकरी टिकत नव्हती, आणि माझ्यासमोर स्वतःच्या आईवर ओरडला. मी बारकीला स्वच्छ सांगितलं, हा माणूस नाही चालायचा. ती रडली, मग ऐकलं. पुढे त्याचं लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि आता म्हणे बायको सोडून गेली. सगळं जुळतंय. घरात पोर आहे, सांभाळायला बाई हवी, आणि आमची ही भोळी.

मुलांचं वेड तिला आधीपासून. मागे एकदा मूल दत्तक घेण्याचं खूळही डोक्यात शिरलं होतं. मी एका बैठकीत उतरवलं. एकटी बाई, शाळेची नोकरी, उद्या आजारी पडलीस तर त्या पोराचं काय? गप्प बसली. त्यानंतर तो विषय तिने काढलाच नाही. पटलं की ऐकते ती.

१ मार्च

भाऊकडे जेवायला गेले होते. स्वयंपाकघरात वहिनी आणि बारकी कुजबुजत होत्या. मी पाणी प्यायला गेले तर बारकी विचारत होती, “पाच वर्षांच्या मुलीला बूट कितव्या नंबरचा लागेल?” मला पाहून दोघी एकदम भांड्यांना भिडल्या. इतकी स्वच्छ भांडी मी त्या घरात कधी पाहिली नव्हती.

त्याची मुलगी पाच वर्षांची असेलच आता.

निघताना भाऊला बाजूला घेतलं. म्हटलं, “बारकीचं काय चाललंय?”

तो चपलांकडे बघत म्हणाला, “काही नाही गं ताई. जाऊ दे ना.”

“तुला माहीत आहे?”

“मला कोण काय सांगतंय!”

याला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. वहिनीने फितवलंय त्याला.

१० मार्च

न सांगता बारकीच्या घरी गेले. दार उघडायला वेळ लावला. मागची खोली, जिथे तिची जुनी पुस्तकं आणि सायकल असायची, ती रिकामी करून पिवळा रंग दिलाय. एक छोटा पलंग. खिडकीला नवी जाळी.

“हे काय?”

ती हात पुसत उभी राहिली. म्हणाली, “सांगेन ताई. थोडं थांब. एक गोष्ट पक्की होऊ दे, मग पहिलं तुलाच सांगेन.”

“आत्ता सांगितलंस तर काय बिघडेल?”

“आत्ता सांगितलं तर तू मोडशील.”

असं म्हणाली ती. मला. जिने तिच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला साडी इस्त्री करून दिली, तिला. मी चहा न घेता निघाले. जिन्यात गुडघ्याने दगा दिला. कठड्याला धरून बसून राहिले. वरून तिचं दार बंद झाल्याचा आवाज आला नाही. बहुतेक ती दारातच उभी होती. मी वळून पाहिलं नाही.

१८ मार्च

सूचना आली. परवा सकाळचं तिकीट, त्याच गावाचं. या वेळी जाताना एकच जागा, आणि येतानाही एकच, पण परतीच्या तिकिटापुढे चौकशी नोंदवली आहे: ‘पुढच्या वेळी सोबत लहान मूल असेल तर काय कागद लागतात?’ म्हणजे लग्न ठरलंच. पोरीला घेऊन येणार, पाठोपाठ तोही येऊन बसणार तिच्या घरात.

दुपारभर अहवाल वाचत होते, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

शेवटी तिकीट रद्द केलं. खातेप्रमुखाला तो हक्क असतो. एक बटण दाबलं, ‘पॉइंट खात्यात परत जमा झाले’ असं आलं. तिलाही सूचना गेली असेल.

आता ती फोन करेल. चिडेल, भांडेल, आणि भांडता भांडता सगळं सांगेल. मला तेवढंच हवंय. मग मीच तिला दुसरं तिकीट काढून देईन, वाटल्यास बरोबर जाईन.

१९ मार्च

फोन आला नाही.

दोनदा रिसीव्हर कानाला लावून पाहिला, लाइन चालू आहे ना म्हणून. मोबाइलही चालू आहे. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, “कुणाची वाट बघतेस गं?” मी म्हटलं, “गॅसवाल्याची.”

२१ मार्च

बारकी शाळेत नाही, घरी नाही, फोन बंद. भाऊला विचारलं. त्याने नेहमीसारखी थट्टा केली नाही. म्हणाला, “ताई, तिचं तिकीट तू रद्द केलंस?”

“हो. मग?”

त्याने फोन ठेवला. भाऊने माझा फोन असा मध्येच ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

२३ मार्च

जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

ऑफिसात अकराच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, सावकाश बोलणारा. “आपण त्यांच्या मोठ्या बहीण ना? मी बालगृहातून बोलतेय.”

मला वाटलं, चुकीचा नंबर. त्या पुढे बोलत राहिल्या. बारकी चार महिन्यांपासून एका मुलीला भेटायला येते. आधी बसने यायची, अलीकडे विमानाने. पाच वर्षांची मुलगी. तिथे सगळे तिला मिरची म्हणतात. शुक्रवारी दत्तक समितीची शेवटची बैठक होती आणि त्यानंतर दोघींनी पहिल्यांदाच पूर्ण दिवस बाहेर एकत्र घालवायचा होता.

“मुलीला आम्ही आठवडाभर आधी सांगितलं होतं. ती सकाळपासून नवा फ्रॉक घालून फाटकापाशी बसली होती. जेवायलाही आत आली नाही. तुमच्या बहीण दुसऱ्या दिवशी पोहोचल्या, बस वाटेत बंद पडली म्हणाल्या. मुलगी त्यांच्याकडे बघायलाच तयार नाही. पाठ करून बसते.”

मी विचारलं, “बहिणीने काय कारण सांगितलं?”

“तिकिटाचा काहीतरी घोटाळा झाला, एवढंच. तुम्हाला फोन करायचं कारण वेगळं. त्यांना काही झालं तर मुलीचं बघणारं माणूस म्हणून त्यांनी तुमचं नाव दिलंय. तुमच्याशी समोरासमोर बोलायचंय. तुम्हाला हे माहीत आहे ना?”

मी म्हटलं, “हो. माहीत आहे.”

का म्हटलं, कळत नाही. त्यांनी तारीख सांगितली, मी लिहून घेतली. समोर बंदरावरच्या क्रेनचा अहवाल होता. त्यावर सही केली आणि मग लक्षात आलं की मी तो वाचलाच नाही. परत मागवून घेतला.

२४ मार्च

भाऊकडे गेले. त्याला आणि वहिनीला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून. पलंग भाऊनेच जोडून दिला.

“मला का नाही सांगितलं?”

वहिनीने भाऊकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, “ताई, तुला सांगायचं म्हणजे परवानगी मागायची. तिला परवानगी नको होती. तिला तू हवी होतीस. पण आधी सगळं पक्कं करून.”

मी म्हटलं, मला वाटलं तो दाढीवाला…

“कोण?” भाऊला तो आठवतही नव्हता.

२६ मार्च

बारकीकडे गेले. तिने दार उघडलं, पण दारातच उभी राहिली. डोळ्यांखाली काळं झालंय. कपाळावर काहीतरी लागल्याची खूण, बसमध्ये डुलकी लागून खिडकीवर आपटली असेल. आत पिवळी खोली दिसत होती.

मी म्हटलं, “मला माहीत नव्हतं.”

“मी थांब म्हटलं होतं.”

“मला वाटलं तू फोन करशील.”

“कशासाठी? तिकीट परत मागायला?” ती शांतपणे बोलत होती, ते जास्त वाईट. “ताई, तू देतेस ते खरं आहे. आयुष्यभर दिलंस. पण तू दिलेल्या प्रत्येक वस्तूला एक दोरी असते आणि तिचं टोक तुझ्या हातात असतं. मला वाटलं, या वेळी नसेल. निदान विमानाच्या तिकिटाला तरी.”

“मी आत्ताच्या आत्ता काढते तिकीट. जितकी लागतील तितकी.”

“मला त्या खात्यातून काढून टाक.”

“बारके…”

“ती पोर फाटकापाशी दिवसभर बसली होती. तिच्या आईने तिला तसंच बसवून सोडलं होतं, एका बसस्टॉपवर. तुला ठाऊक नाही हे. कसं असणार? पण आता मी तिच्या लेखी तशीच एक.”

मला आत ये म्हणाली नाही. मीही आत येऊ का म्हटलं नाही.

घरी येऊन तिला खात्यातून काढलं. पडद्यावर विचारलं, ‘नक्की?’ खाली लिहिलं होतं, एकदा काढलेल्या सदस्याला सहा महिने परत घेता येणार नाही. मी ‘हो’ दाबलं. आता ती कुठे जाते, कधी येते, मला काही कळणार नाही.

३ एप्रिल

उद्या मला त्या गावी जायचंय. बारकीला निरोप टाकला की बालगृहातून बोलावलंय, जाऊ का? तासाभराने उत्तर आलं: ‘जा. काय सांगायचं ते तुझं तू ठरव.’

गेल्या शनिवारी ती पुन्हा बसने जाऊन आली, भाऊकडून कळलं. मिरचीने पाठ फिरवलेलीच होती. बारकी तिच्या पाठीशी पाठ लावून दोन तास बसून राहिली म्हणे.

४ एप्रिल

विमानातून उतरल्यावर नेहमीप्रमाणे कारखान्याच्या गाडीसाठी डावीकडे वळले. मग आठवलं.

बालगृह म्हणजे लांबट बैठी इमारत, मागे झोपाळे. फोनवरच्या बाई माझ्याहून तरुण निघाल्या. त्यांनी चहा दिला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“खरं सांगते. तुमच्या बहिणीबद्दल समितीचं मत चांगलं होतं. पण त्या दिवसाने सगळं अडलंय. मुलीसाठी एक जोडपंही विचारतंय. लोक म्हणतात, एकटी बाई, ऐन दिवशी पोहोचू शकली नाही, पुढे काय? त्या ‘घोटाळा’ म्हणतात, त्यापुढे बोलत नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे?”

इथे ‘हो, विमान कंपनीची चूक होती’ म्हटलं असतं तर निभावलं असतं. मी येताना तसंच सांगायचं ठरवलं होतं. वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

मी म्हटलं, “तिकीट मी रद्द केलं.”

“चुकून?”

“नाही. ठरवून.”

“का?”

“ती मला सांगत नव्हती म्हणून.”

“एवढंच?”

“एवढंच.”

खिडकीबाहेर पोरं खेळत होती. एक बारीक अंगाची मुलगी झोपाळा सोडत नव्हती. मोठा मुलगा ओढायला आला तर त्याच्या दंडाला चावली. कुणीतरी ओरडलं, “मिरचे!” मी तिला तेवढंच पाहिलं. खाली उतरून लांब जाऊन बसली, सगळ्यांकडे पाठ करून.

बाई म्हणाल्या, “तुम्ही हे सांगितलंत, त्यांच्यासाठी चांगलं झालं. मी समितीपुढे ठेवीन. पण मग तुमचं नाव मी तिथे कसं ठेवू? त्यांच्या पश्चात मुलीला तुमच्या हाती कसं द्यायचं?”

“नका ठेवू. माझ्या भावाचं घ्या. त्याला खोटं बोलता येत नाही.”

त्यांनी माझं नाव खोडलं. माझ्या समोरच. मी आजवर कितीतरी क्रेन नापास केल्या. समोरचा मुकादम कसा उभा राहायचा, ते आज आठवलं. बरेच जण काही बोलत नसत. नुसते टोपी हातात घेऊन उभे राहत.

“मुलीला भेटता येईल का?” मी विचारलं.

“आत्ता नको,” त्या म्हणाल्या. बरोबरच आहे.

२२ एप्रिल

भाऊचा फोन. समितीने बारकीच्या बाजूने निकाल दिला. भाऊ रडत होता, मागून वहिनी त्याला ओरडत होती, “अहो, नीट सांगा ना!” बारकीने मला कळवायला सांगितलं का, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. नाही विचारलं.

५ मे

आज त्या दोघी आल्या. भाऊ विमानतळावर गेला होता. मी जाऊ नये असं कुणी म्हटलं नव्हतं. जावं असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी घरीच होते. कपाट आवरायला काढलं आणि तसंच टाकलं.

भाऊ सांगत होता, मिरची विमानात घाबरली, उलटी केली, आणि उतरल्यावर म्हणाली, “पुन्हा बसूया.” तिकिटं बारकीने स्वतःच्या पैशांनी काढली होती. माझ्या खात्यात सगळे पॉइंट जसेच्या तसे पडून आहेत. ऑफिसातल्या मैत्रिणीने पुन्हा विचारलं. तिला दिले. भाऊला दिले. तरी उरलेच.

१९ मे

आज चार वाजता घरच्या फोनची घंटा वाजली. नंबर बारकीचा. उचलला तर नुसता श्वास.

“कोण?”

“मी,” एक चिरका आवाज. “तू कोण?”

“मी तुझ्या आईची ताई.”

“आई आंघोळ करतेय. मी बटण दाबलं.”

“बरं.”

“तुला काय म्हणायचं असतं?”

इतकी वर्षं कुणी काय म्हणायचं, कुणी कुठे बसायचं, हे या घरात मीच सांगत आले. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी म्हटलं, “ते आईला विचार. ती सांगेल ते.”

फोन आपटल्याचा आवाज. अनवाणी पावलं पळत गेली. लांबून दारावर थापा, पाणी बंद झालं, बोलणं. शब्द ऐकू येत नव्हते. मग बराच वेळ काहीच नाही. मी उभीच होते, गुडघा भरून आला तरी.

पावलं परत आली.

“आई म्हणते, मावशी म्हण,” धापा टाकत मिरची म्हणाली. “पण आत्ता फोनवरच.”

फोनवर तर फोनवर.

“हं, बोल,” मी म्हटलं. “आज काय काय केलंस?”

तिने जे सुरू केलं, ते बारकी येऊन फोन काढून घेईपर्यंत. बारकी माझ्याशी बोलली नाही. पण फोन ठेवण्याआधी ती थोडी थांबली, तेवढं मला ऐकू आलं.